छत्री उघडली की बरोबर

अक्का जिथे बसायच्या तिथली जमीन थोड्याच वेळात वेगळी दिसायला लागायची. भुईमुगाच्या शेंगा फोडायला बसल्या, की दाणे सुपात जायचे आणि टरफलं त्यांच्याभोवती ओळीने लागायची. एक उताणं, एक पालथं, एक उताणं, एक पालथं. तोंड चालू, हात चालू, नजर भलतीकडेच. उठल्या की मागे फरशीवर एक वेलबुट्टी उरलेली. चिंच फोडली तर चिंचोक्यांची, हरभरा सोलला तर घाट्यांच्या सालांची. मी लग्न होऊन आले त्या आठवड्यात असाच एक पसारा दिसला म्हणून केरसुणी घेऊन पुढे झाले, तर सासूबाई घाईने म्हणाल्या, "थांब बाई. तिनं मन भरून बगितल्याबिगर काढू नको. दिवसभर फुगून बसंल."

सई, निहार, ही तुमच्या आजोबांची थोरली बहीण. गाव त्यांना पसाराअक्का म्हणायचं आणि अक्काही त्या नावाला ओ द्यायच्या. गेल्या रविवारी फोनवर सईने विचारलं, "आजी, सगळे ज्या मेंढ्यांच्या चित्राबद्दल बोलतात त्याचा फोटो आहे का?" फोटो नाही, बाळा. तो का नाही हे कळायचं तर आधी अक्का कळायला हव्यात, म्हणून हे लिहायला बसले.

आपलं घराणं मूळचं मेंढपाळांचं. तुमच्या आजोबांनी शिकून नोकरी धरली, पण अक्कांचं सगळं लहानपण मेंढरांमागे गेलं. तामलवाडीच्या फाट्यावरून आत गेलं की माळावर आपलं गाव आणि गावाला लागून जुना भुईकोट. डोंगरावरचा नव्हे, सपाट जमिनीवरचा किल्ला. एक दरवाजा, आत मोठं पटांगण, मधोमध घोड्यांना पाणी पाजायची दगडी डोण आणि एका कोपऱ्यात उंच बुरूज. कळप आत घालायचा आणि दरवाजात बसून राहायचं, म्हणजे राखणीचं काम सोपं. अशा रिकाम्या दुपारी अक्का खडे मांडायला लागल्या, मग पानं, मग शेंगा. "मेंढरं चरायची अन् म्या मांडायची," त्या सांगायच्या. "त्यान्ला कंटाळा आला तर ती वरडायची, मला आलाच न्हाय."

लग्नही गावातच झालं, त्यामुळे किल्ला सुटला नाही. पुढे मुलं मोठी झाली, शेताची कामं सुना बघायला लागल्या, तेव्हा अक्कांनी खरा पसारा काढला. दरवर्षी शिमग्याच्या सुमारास, ज्वारी निघून गेली की, किल्ल्याचं पटांगण भरेल एवढं एक चित्र. त्याची तयारी मात्र थंडी संपण्याआधीच सुरू व्हायची. मी पहिल्यांदा त्यांच्या कोठीत डोकावले तेव्हा बघतच राहिले. बाभळीच्या शेंगा एका गोणीत, तुरीचं भुस्कट दुसऱ्या, हरभऱ्याचा वाळला पाला तिसऱ्या, पांढरे चुनखडीचे खडे आकाराप्रमाणे वेगवेगळ्या पाट्यांत. पसारा म्हणवून घेणाऱ्या बाईची कोठी माझ्या फडताळापेक्षा नेटकी होती. माझी आणि त्यांची दोस्ती त्या कोठीच्या दारात झाली.

त्यांचा एक नियम होता, झाडावरचं काही तोडायचं नाही. पळसाची फुलंसुद्धा खाली पडलेलीच घ्यायची, तीही सकाळी जाऊन, कोमेजायच्या आत. मी एकदा हाताशी आलेली फांदी वाकवली तर लगेच ओरडल्या. "इचारलंस का झाडाला?"

"झाड काय बोलणार आहे, अक्का?"

"मंग थांब की. त्याला टाकावं वाटलं की टाकतंय."

दुसरा नियम असा, की चित्र एकाच दिवसाचं. सकाळी मांडायचं, दुपारी बघायचं आणि ऊन उतरलं की त्यांच्या चुलतभावाचा मुलगा बिरू याची मेंढरं आत सोडायची. कडबा, पाला, शेंगा, सगळा चाराच तो. अक्का तोवर घरी जाऊन चुलीपाशी बसलेल्या असायच्या, मीही शेवटच्या एसटीच्या घाईत असायची. सकाळी मागे राहायचे ते फक्त पांढरे खडे, ते वेचून परत पाटीत. किल्ल्याचा पहारेकरी नामदेव सुरुवातीला कुरकुर करायचा. मग म्हणायला लागला, "अक्का, एवढी मेहनत घेताव तर देवाचं चित्र काढा की. लोक पाया पडतील."

"अन् संध्याकाळी त्याच्यावर मेंढरं सोडू? सोडशील तू?"

नामदेवने कान पकडले. त्यानंतर तो पटांगण झाडून द्यायचा, सल्ला मात्र कधी दिला नाही.

आता माझं काम सांगते. एवढं मोठं चित्र खालून दिसत नाही. माणूस त्याच्यातच उभं असतं. ते बुरजावरून दिसतं. आणि अक्कांचे गुडघे तेव्हाच गेलेले. बुरजाच्या पायऱ्या रुंद, पण एकेक मांडीएवढी उंच. सोलापूरच्या डॉक्टरांनी चढण्याचं नावच काढू नका म्हणून सांगितलेलं. म्हणून वर मी. मी कॉलेजात इंग्रजी शिकवायची, त्यामुळे गावात सगळे मला मॅडम म्हणायचे. अक्काही म्हणायच्या, पण त्यांच्या तोंडी त्यात थोडं मीठमिरची असायचं. पहिल्या वर्षी मी वरून ओरडत राहिले, पण माळावरचा वारा शब्द भलतीकडेच नेतो. मी 'डावीकडे' म्हणावं आणि अक्कांनी हात हलवून 'जेवायला खाली ये' म्हणावं. मग मीच युक्ती काढली. माझ्याजवळ काळी मोठी छत्री असायची, उन्हासाठी. मिटलेली छत्री ज्या बाजूला धरेन त्या बाजूला सरकवायचं. छत्री उघडली की बरोबर.

ही भाषा त्यांना फार आवडली. "बोलायचं कामच न्हाय," त्या म्हणाल्या. "मॅडमनी छत्री उघडली की पास, न्हाय उघडली की नापास."

एका वर्षी त्यांनी मोठं घोंगडं मांडलं होतं, काठासकट. एक काठ तिरका जात होता. मी छत्री उजवीकडे धरली. त्यांनी सरकवलं, तरी तिरकं. परत धरली. ऊन चढलं. खालून तुमचे आजोबा दोन्ही हात जोडून मला खुणावायला लागले, उघड की गं, पोटात कावळे ओरडताहेत. मी नाही उघडली. अक्कांनी हातातली पाटी खाली ठेवली, माझ्याकडे पाठ केली आणि डोणीच्या काठावर बसून मोठ्याने म्हणाल्या, "शिकलेली नजर हाय, तिला समदं वाकडंच दिसतंय!" हे मात्र वाऱ्याने नेमकं वर आणून पोचवलं. बराच वेळ तशाच बसल्या. मग उठल्या, सगळा काठ पायाने मोडला आणि नव्याने मांडला. मी छत्री उघडली.

जेवायला खाली आले तेव्हा पहिली भाकरी, वर शेंगदाण्याची चटणी आणि कांदा, माझ्या हातावर आली. "खोटी छत्री उघडत न्हाईस म्हणून तुला वर ठिवलंय," त्या म्हणाल्या. "न्हायतर बुरजावर चढायला माणसं काय कमी हायत?" इतकी वर्षं कॉलेजात नोकरी केली, पण असं प्रशस्तिपत्र मला दुसरं मिळालं नाही.

त्या नम्र वगैरे मुळीच नव्हत्या, हेही सांगून टाकते. आपलं काम चांगलं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक होतं आणि बोलून दाखवायला लाज नव्हती. "तुळजापुरात बायका रांगोळ्या काढतेत, टिपकं देऊन," असं म्हणून त्या नाक उडवायच्या. "मला टिपकं लागत न्हाईत." एकदा कुणी पाहुणे मास्तर किल्ला बघायला आले. चित्र पाहून डोळे किलकिले करून म्हणाले, "आजी, याचा अर्थ काय?" अक्कांनी त्यांना खाली बसवलं, बाभळीच्या शेंगांची गोणी पुढ्यात ओतली आणि किडक्या शेंगा निवडायला लावल्या. मास्तर भले गृहस्थ, मुकाट्याने निवडत बसले. गोणी संपल्यावर अक्कांनी विचारलं, "कळला का अर्थ?"

"नाही कळला, आजी."

"मला बी न्हाय. पर शेंगा चांगल्या निवडल्याव तुमी. पुढल्या साली या."

आणि ते खरंच आले, पुढच्या वर्षी, बायकोला घेऊन.

एवढं सगळं असून एक गोष्ट त्यांना आतून टोचत होती. एवढी चित्रं काढली, पण वरून एकही पाहिलेलं नव्हतं. मी फोनवर फोटो काढून दाखवायची. त्या फोन डोळ्यांपासून लांब धरायच्या, मग जवळ, मग परत द्यायच्या. "हे माजं न्हाय. हे फोनचं हाय. तळहाताएवढ्यात काय कळतंय, गोल हाय का चपटं?" एकदा भाकऱ्या थापताना हात थांबवून मला म्हणाल्या, "तू खोटं बोलत न्हाईस ठावं हाय. पर मला माझ्या डोळ्यानं कळाया पायजे का न्हाय, का समदा जलम मॅडमच्या छत्रीवरच काढायचा?" मी पीठ पुढे सरकवलं.

मग त्यांच्या धाकट्या मुलाने, दिगूने, त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. त्याला तिथे चांगली नोकरी होती, सातव्या मजल्यावर घर घेतलेलं, आणि गुडघ्यांचं पुढचं औषधपाणीही तिथेच व्हायचं होतं. जाणं शिमग्यानंतर ठरलं. म्हणजे किल्ल्यातलं ते शेवटचं चित्र. अक्कांनी चर्चा केली नाही, फक्त जाहीर केलं. "औंदा म्या वर जाणार."

"डॉक्टरांनी चढू नका म्हटलंय," मी म्हणाले.

"म्या कुठं चढायले? ही पोरं चढतील. म्या खुर्चीत बसणार."

त्या वर्षी त्यांनी वाट मांडली. किल्ल्याच्या दरवाजात आतून सुरू होणारी, पटांगणाला वळसा घालत, आत आत वळत डोणीपाशी संपणारी रुंद वाट. पायाला कडबा, वर हरभऱ्याचा पाला आणि तुरीचं भुस्कट, सगळ्यात वर चकाकत्या बाभळीच्या शेंगा. दोन्ही बाजूंनी पांढऱ्या खड्यांची किनार आणि किनारीला पळसाची फुलं. तुमचे आजोबा म्हणाले, "छान. चकली झाली." अक्का म्हणाल्या, "तुला खायचंच सुचतंय." पुढे जे झालं त्यात हे बोलणं आम्हाला फार वेळा आठवलं.

मी वरून पाहिलं. तटाकडच्या बाजूला सगळ्यात बाहेरचा वळसा चपटा झाला होता. मी छत्री त्या बाजूला धरली. अक्कांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं. त्यांचं सगळं लक्ष खुर्चीकडे लागलेलं होतं. मी छत्री मिटलेली ठेवूनच खाली उतरले.

खुर्ची दिगूच्या घरची, प्लास्टिकची, तिला दोन वासे बांधलेले. पुढे दिगू आणि नामदेव, मागे आजोबा. एक माणूस कमी पडत होता. बिरू मेंढरं घेऊन दरवाजाबाहेर थांबला होता. ऊन उतरायच्या आत कळप आत येऊ द्यायचा नाही, हे त्याचं काम. दरवाजावर लक्ष ठेवायचं नामदेवचं. अक्कांनी हाक मारली, "बिऱ्या, ये रं. धर मागचं टोक."

"मेंढरं हायत की, आत्ती."

"मेंढरं कुठं पळायलीत? ये म्हणले ना."

बिरू आला. कुणाच्याही मनात आलं नाही, की दरवाजा राखणारा आणि कळप राखणारा, दोघंही आता खुर्चीखाली आहेत. आणि ही मेंढरं काही नवखी नव्हती. किल्ल्यात शिमग्याला मेजवानी असते हे ती वर्षानुवर्षं शिकलेली होती.

वरात निघाली. पुढे मी, उलटी चालत, "पायरी आली, सांभाळा, आता मोडकी आहे, डावीकडून," असं म्हणत, काखेत मिटलेली छत्री. आजोबांनी मागचं टोक धरलं होतं, म्हणजे धरल्यासारखं केलं होतं. सगळा भार बिरूवर. अर्ध्यावर नामदेवला हसू फुटलं आणि खुर्ची डुलायला लागली.

"जरा टेकवू का, अक्का?"

"टेकवलीस तर परत उचलशील का? चल मुकाट."

"लई जड हाव तुमी."

"वाळल्या पाल्यावर जगले व्हय रं मी? चल!"

वर पोचलो. खुर्ची बुरजाच्या कडेला, दगडी कठड्यापाशी ठेवली. सगळे जण धापा टाकत बसले. अक्कांनी कठडा दोन्ही हातांनी धरला आणि खाली पाहिलं.

मान पुढे काढून त्या बघतच राहिल्या. माझ्या मनात आलं, आवडलं नाही वाटतं. मग मी पाहिलं, आणि माझ्या तोंडून "अगं बाई!" निघालं.

मेंढरं आत आली होती. दरवाजातून आत शिरल्याबरोबर पायाशीच वाटेचं तोंड, त्यावर शेंगा. पहिल्या मेंढीने खाली मान घातली ती वर काढलीच नाही. खात खात पुढे, खात खात वळणावर. तिच्यामागे दुसरी, तिच्यामागे सगळा कळप. काळी, पांढरी, तांबूस, एकमेकींना अंग घासत, वाटेवरून वळत वळत डोणीकडे निघाली होती. दोन कोकरं तेवढी शिस्त मोडून मधूनच उड्या मारत गेली. अक्कांनी सकाळभर मांडलेली वाट आता मेंढरांची झाली होती आणि ती हळूहळू फिरत होती.

बिरू ताडकन उठला. "आत शिरली की! आत्ती, म्या हाकलतो."

"हात लाव त्यान्ला, मंग बघ!" अक्का ओरडल्या. मग हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून, मग पदर सोडून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "चालायलंय गं! मॅडम, बघ, माजं चित्र चालायलंय!"

आम्ही सगळेच हसत होतो. मग त्या एकदम थांबल्या. "म्हंजे दरसाल संध्याकाळी हे असंच व्हायचं," त्या म्हणाल्या. "अन् आपण तवा चुलीपाशी."

आता फोटो का नाही ते सांगते. फोन खाली डोणीवर, जेवणाच्या पिशवीत राहिले होते. चौघांचे हात खुर्चीला लागणार म्हणून मीच ते सगळे गोळा करून, नीट रुमालात बांधून ठेवले होते. उतरून आणावेत असं कुणाला वाटलं नाही. उतरेपर्यंत हे संपलं असतं.

अक्का आता डोळे बारीक करून, जाणकारासारखं बघत होत्या. "ती तिकडची बाजू चपटी हाय."

"म्हणून तर छत्री मिटलेली आहे," मी म्हणाले.

"सांगितलं न्हाईस."

"धरली होती की त्या बाजूला. तुम्ही बघितलं आणि मान फिरवली."

"व्हय. फिरवली," त्या म्हणाल्या. त्यांना ते कबूल करायला काहीच वाटलं नाही. तेवढ्यात कळपाची मोठी रांग त्या चपट्या वळणावर आली. जागा कमी, मेंढरं जास्त. बाहेरच्या अंगाची मेंढरं रेटून बाहेर सरकली, खड्यांच्या किनारीपलीकडे फुगली, आणि आमच्या डोळ्यांदेखत ती चपटी बाजू भरून आली. वाट सगळीकडून गोल दिसायला लागली.

अक्कांनी माझ्याकडे न बघता हात पुढे केला. मी छत्री दिली. त्यांनी ती डोक्यावर नाही धरली, कठड्याबाहेर, मेंढरांच्या दिशेने धरली आणि उघडली.

"पास," त्या म्हणाल्या.

शिमगा झाला आणि त्या पुण्याला गेल्या. मला वाटलं होतं, सातव्या मजल्यावर अक्का कोमेजून जातील. महिनाभराने मी भेटायला गेले तर लिफ्टपाशीच दिगू हसत उभा. "मामी, आधी वर नाही, आधी बागेत जा. हुकूम आहे." सोसायटीच्या बागेत बुचाच्या झाडाखाली फुलांचा आणि बदामाच्या लाल पानांचा ढीग गोळा करून ठेवलेला. मी वर पाहिलं. सातव्या मजल्याच्या गॅलरीत अक्का. हातात माझ्यासारखीच काळी छत्री, मिटलेली, उजवीकडे धरलेली.

मी पदर खोचला आणि पानं मांडायला बसले. त्या दिवशी मला कळलं, खाली बसलेल्या माणसाला ती मिटलेली छत्री किती छळते. मी सरकवलं, परत सरकवलं. आजूबाजूच्या गॅलऱ्यांत माणसं चहाचे कप घेऊन उभी राहिली होती. कुणीतरी वरून म्हणालंही, "आजी, उघडा आता, दमल्या त्या." छत्री मिटलेलीच. चांगला तासभर गेला तेव्हा कुठे उघडली.

वर गेल्यावर त्यांनी पाणी दिलं आणि एकच तक्रार केली. "इथं वरून समदं दिसतंय बघ. पर खाणारं कुणी न्हाय. कबुतरं हायत, त्यांचं काय खरं न्हाय. कुठूनबी शिरतेत."

गेल्या थंडीत अक्का गेल्या. झोपेतच, फार त्रास न होता. त्यांच्या कोठीतल्या गोण्या दिगूने मला उघडून दाखवल्या. पुण्याहून सुट्टीत यायच्या तेव्हाही त्या भरून ठेवत होत्या, शेंगा वेगळ्या, पाला वेगळा. यंदा शिमग्याला मी त्या गाडीत घालून किल्ल्यात नेल्या आणि वाट मांडली. नामदेवने झाडून दिलं, बिरूने मेंढरं बाहेर नीट धरून ठेवली. वाट झाल्यावर मी वर बघितलं. बुरजावर कुणी नव्हतं. मग संध्याकाळी मेंढरं आत सोडून आम्ही तिघं चढून गेलो, चुलीकडे कुणी गेलं नाही, आणि बसून बघितलं. मेंढरांनी एक बाजू परत भरून काढली. ती मूळची किती चपटी होती हे मात्र मला कुणी सांगितलं नाही. नामदेव म्हणाला, "लई ब्येस झालंय, मॅडम." मॅडमला तो दुसरं काय म्हणणार?

पुढच्या शिमग्याला तुम्ही येणार आहात. सईने माझ्याबरोबर खाली राहायचं, पडलेली फुलं वेचायची, झाडावरची नाही. निहारने बुरजावर जायचं. छत्री मी काढून, पुसून ठेवली आहे. वाट गोल दिसत नसेल तर आजीला वाईट वाटेल म्हणून ती उघडायची नाही. कितीही ऊन चढलं, आणि आजोबांनी खालून कितीही हात जोडले तरी.